लीनाचा डावा हात

ऋषिराजबद्दल वाईट बोलणारा एकही माणूस सापडेना, तेव्हा नाथाजीमामांना पहिल्यांदा संशय आला.

मुलगा मूळचा आटपाडीचा, सांगलीत एका कंपनीत इंजिनियर, विश्रामबागेत वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहणारा. मामांची भाची प्रियदर्शनी साताऱ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवायची. फोटो इकडून तिकडे गेले होते, पत्रिका जुळली होती, आणि दोघंही घरच्यांच्या परवानगीनं फोनवर बोलत होती. राहिली होती ती चौकशी. आणि औंधात, प्रियदर्शनीच्या आईच्या, राहीबाईच्या घरात, चौकशी म्हणजे राहीबाईचे थोरले भाऊ, निवृत्त सुभेदार नाथाजी.

मामांची बरीचशी नोकरी छावण्यांच्या फाटकावर गेली होती. येणाऱ्याला थांबवायचं, पिशवी उघडायला लावायची आणि तो काय लपवतोय ते त्याच्या तोंडावर वाचायचं. पेन्शनीत आल्यावर फाटक सुटलं, सवय सुटली नाही. सकाळी दूधवाला दूध घालून वळला की मामा आधी त्याच्या पाठीकडं बघत, मग दुधाकडं. प्रियदर्शनीची दोन स्थळं त्यांनी आजवर मोडली होती. त्यातलं एक मोडलं ते बरं झालं असं सगळे म्हणत. दुसऱ्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

खुद्द राहीबाईच्या लग्नाच्या वेळी मात्र त्यांनी काहीच चौकशी केली नव्हती. पलटणीतल्या दोस्ताचा भाऊ, दिलखुलास माणूस, म्हणून डोळे झाकून हो म्हटलं. माणूस सोन्यासारखा निघाला आणि पोरगी शाळेत जायच्या आत आजारानं गेला. आता हे कुठल्या चौकशीत कळणार होतं? पण मामांच्या मनानं ते कधी मानलं नाही. कुणाला तरी विचारायला पाहिजे होतं, असंच त्यांना वाटत राहिलं.

म्हणून त्या रविवारी विट्यात गाडी बदलून ते सांगलीला उतरले आणि विश्रामबागेत ऋषिराजच्या गल्लीत शिरले. किराणावाला म्हणाला, लाखात एक मुलगा. चहावाला म्हणाला, भावासारखा. इस्त्रीवाल्यानं तर हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

"पोरगं एकदम व्यवस्थित बघा. शर्टाच्या खिशात कधी काय विसरत न्हाई."

"कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई. दुसऱ्यांच्या खिशात काय काय निघतं. तिकिटं, चिठ्ठ्या, एकदा तर दात निघाला. ह्याचं खिसं कोरडं."

मामांनी मान हलवली. साध्या माणसाच्या खिशात काहीतरी राहतंच. ज्याचे खिसे कायम कोरडे, तो ते रिकामे करून धुवायला टाकतो. आणि रिकामे का करतो, हा पुढचा प्रश्न होता.

घरमालकीण विनोदिनीबाई अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या. मामांनी आपण मुलासाठी खोली बघायला आलोय असं सांगितलं. खोली रिकामी नव्हती, पण माणूस अदबशीर दिसला म्हणून बाईंनी खुर्ची दिली. मामांनी खोलीवरून गोष्ट भाडेकरूवर आणली.

"ऋषिराज ना? अहो, अतिशय सज्जन. जिन्यात चपलांचा आवाज करत नाही, पाणी वाया घालवत नाही." बाई थोडं थांबल्या आणि झारी खाली ठेवली. "आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते."

चौकशीला निघालेला माणूस या एका वाक्यासाठी दिवसभर चालतो. मामा खुर्चीच्या कडेवर आले.

"रविवारी दुपारी दार लावून घेतो आणि आत बोलत बसतो. चांगला तासभर."

"कुणासंगं?"

"मला कसं कळणार? मी काही दाराला कान लावत नाही. पण फोनवर बोलणारा माणूस मध्ये थांबतो, समोरच्याचं ऐकतो. हा थांबतच नाही. आणि खोकी येतात त्याला. हलवली की आत खुळखुळतात." मग बाईंनी घाईनं पुस्ती जोडली, "असं कुरियरवाला म्हणाला."

"आत्ता हाय का वर?"

"आहे की. सुरूच झालं असेल त्याचं."

खोलीचा जिना कसा आहे तेवढा बघून येतो, असं म्हणून मामांनी चपला खाली सोडल्या आणि अनवाणी वर गेले. दार बंद होतं, पण वरची झडप उघडी होती. आतून मुलाचा आवाज स्वच्छ येत होता. आवाजात ना चोरटेपणा, ना घाई. मामांना तेच खटकलं.

"फिगर म्हणून लीना छान आहे, यात वादच नाही," ऋषिराज म्हणत होता. "मागच्या वर्षीच्या तिच्यापेक्षा उंच आहे. तिचे गुडघे वाकत नव्हते, हिचे वाकतात. कंबर पण वळते."

मामांचे कान तापले.

"पण खोटही सांगितली पाहिजे. पहिली गोष्ट, ती एकटी उभी राहत नाही. सोडली की पडते. दुसरी, केस. जरा हात लागला की निघून येतात."

पोरगी उपाशी ठेवलेली दिसते, मामांच्या मनात आलं.

"आणि मुख्य म्हणजे डावा हात. माझ्याकडं आली तेव्हा तिला डावा हातच नव्हता. मी कळवलं, त्यांनी आठवड्याच्या आत दुसरा पाठवून दिला. तेव्हा त्या बाबतीत त्यांना नाव ठेवणार नाही."

मामांनी भिंतीला हात टेकला.

"मागच्या वर्षीचीचं काय केलं, असं बरेच जण विचारतायत. तिचे सगळे भाग सुटे करून डब्यात भरून ठेवलेत. कॉटखाली आहेत. शेवटी दाखवतो."

मामा चार पायऱ्या खाली आले आणि त्यांनी कुजबुजत बहिणीला फोन लावला.

"राहे, स्थळ मोड."

"का रं दादा? शिगरेट वडतो?"

"शिगरेट वडत असता तर पेढे वाटले असते मी. आत बाई हाय. लीना नावाची. तिला डावा हात नव्हता."

"जन्मापास्नं?"

"ते म्हाईत न्हाई. आदी नव्हता, आता हाय."

"मंग बरंच झालं की."

"राहे, टोळी हाय ही. मागच्या वर्षीची कॉटखाली डब्यात हाय."

मग राहीबाईनं हळू आवाजात विचारलं, "दादा, तू जेवलास का?"

मामांनी फोन बंद केला आणि मागं वळले, तर विनोदिनीबाई जिन्याच्या तळाशी झारी घेऊन उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तरीच," त्या पुटपुटल्या, "चपलांचा आवाज करत नाही तेव्हाच मला शंका यायला हवी होती." आणि त्या शेजारच्या अनंतरावांना आणायला गेल्या.

अनंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. ते हातात छत्री घेऊन आले. बाहेर कडक ऊन होतं आणि छत्री उघडलेली नव्हती, त्यावरून ती कशासाठी आणली ते कळत होतं. त्यांचं मत पोलिसांना बोलवावं असं होतं, पण पोलिसांना काय सांगायचं यावर तिघांचं एकमत होईना. बाई आहे म्हणावं की होती म्हणावं, इथंच गाडी अडली. शेवटी मामा म्हणाले, आधी डोळ्यांनी बघू. आणि त्यांनी दार वाजवलं.

"आलो, एकच मिनिट," आतून आवाज आला. "तिचं डोकं बसवतोय."

विनोदिनीबाई पायरीवर बसल्या.

दार उघडलं आणि मामा फाटकावरच्या जुन्या जोरानं आत घुसले. मागोमाग अनंतरावांची छत्री आणि तिच्यामागं अनंतराव. टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं, दोन्ही बाजूंनी प्रखर दिवे, समोर फोन उभा करून ठेवलेला. ऑपरेशनची खोली दिसावी तशी खोली. मामांनी मुलाकडं न बघता न्हाणीचं दार उघडलं. आत बादली. कपाट उघडलं, शर्ट इस्त्रीचे. कॉटखाली वाकले आणि एक डबा ओढला. तो खुळखुळला.

"काका, काय शोधताय?" ऋषिराज दाराशीच उभा होता.

"लीना कुठाय?"

"ही काय, टेबलावर."

तिघांनी टेबलाकडं पाहिलं. तिथं वीतभर उंचीची एक बाई उभी होती. पांढरा पोशाख, काखेत काचेचं शिरस्त्राण, मानेवर आखूड केस. सगळी लहान लहान प्लास्टिकच्या ठोकळ्यांची जोडलेली, पाठीला एक काडीचा टेकू.

"कॅप्टन लीना," ऋषिराज म्हणाला.

कॅप्टन म्हटल्यावर मामांचा उजवा हात आपोआप अर्धा वर गेला. तो त्यांनी डोकं खाजवून खाली आणला.

"इंग्रजी सिनेमातली आहे," ऋषिराज सांगायला लागला. "यान बिघडतं, बाकीचे सगळे निघून जातात. ही एकटी थांबते आणि यान परत आणते."

"हिला टाकून गेले सगळे?" विनोदिनीबाईंनी दारातून विचारलं. त्या लीनाच्या बाजूला गेल्या त्या तिथपासून.

मामा मात्र इतक्यात हटणारे नव्हते. "मग मगापास्नं बोलतोस कुणासंगं?"

"लोकांशी. हे असे संच मी जोडतो आणि कसे आहेत ते फोनवरून सांगतो. विकत घ्यावेत का नाही ते त्यांचं त्यांनी ठरवायचं."

"म्हंजे चौकशी करतोस."

ऋषिराजनं क्षणभर विचार केला. "हो, तसंच म्हणा."

"आन खोट सांगतोस का नुसतंच गुण?"

"दोन्ही. नुसते गुण सांगितले तर लोक म्हणतात, ह्याला कंपनीनं काहीतरी चारलंय."

सकाळपासून मामा हीच गोष्ट गल्लीभर शोधत फिरत होते. त्यांनी मुलाकडं नीट निरखून पाहिलं. चेहरा फोटोतल्यासारखाच होता, फक्त फोटोत एवढा विचारी वाटला नव्हता. तरी खात्री करून घ्यायची म्हणून त्यांनी लीनाला टेबलावरून उचललं.

"बघा की. फक्त कमरेला धरू नका," ऋषिराज म्हणाला.

मामांनी कमरेलाच धरलं होतं. लीना मधोमध सुटली, वरचा भाग टेबलाच्या कडेवर आपटला आणि कप्तानबाई खोलीभर झाल्या. डोकं अनंतरावांच्या पायाशी आलं. अनंतरावांनी छत्री पुढं धरली.

मग ऋषिराज म्हणाला, "असू दे काका, होतं असं," आणि फरशीवर बसून तुकडे वेचायला लागला. मामांना पुन्हा शंका आली. एवढं मोडून मुलगा रागावत कसा नाही? पण चूक आपली होती, म्हणून तेही गुडघे टेकून बसले. विनोदिनीबाई कॉटच्या पायाशी, अनंतराव खिडकीशी. हळूहळू पाय जुळले, धड जुळलं, केस सापडले. डावा हात सापडेना.

"कुनी हलायचं न्हाई," मामा उभे राहून म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांनी इतक्या सहज आलं की त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. "समद्यांनी खिसं दाखवा."

"मी निवृत्त उपअभियंता आहे," अनंतराव म्हणाले.

"मंग तर आदी तुमीच दाखवा."

अनंतरावांच्या खिशात रुमाल, सुपारीची डबी आणि घराची किल्ली निघाली. विनोदिनीबाईंच्या कनवटीला विड्याचं पान. ऋषिराजचे खिसे अर्थातच कोरडे. मामांनी अनंतरावांकडून सुपारीची डबीसुद्धा उघडून घेतली. अनंतरावांचा चेहरा लाल झाला. मंडळाच्या अध्यक्षाची अशी झडती कधी झाली नसेल, असं ते म्हणू लागले आणि प्रकरण हातघाईवर यायचं लक्षण दिसू लागलं.

"तुमच्या बाहीत बघा ना एकदा," विनोदिनीबाई मामांना म्हणाल्या.

मामांनी शर्टाची दुमडलेली बाही उलगडली. लीनाचा डावा हात खाली पडला.

अनंतरावांनी छत्री काखेत मारली. नुसते बघत राहिले, आणि ते जास्त वाईट होतं.

अवघडलेपण मोडायला म्हणून ऋषिराज फोनकडं वळला. "माफ करा मंडळी, जरा पाहुणे आले होते," असं तो फोनला म्हणाला, तेव्हा मामांना कळलं की हा सगळा वेळ तो फोन चालू होता आणि पलीकडं माणसं बघत होती. मघाशी होती त्याच्या चौपट झाली होती. ऋषिराज त्यांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लागला, तशी त्याची सवयच होती.

"एक जण म्हणतोय, 'कपाटावर पण बघा.' एक म्हणतायत, 'त्या मावशींना खुर्ची द्या.' आणि हे, 'मामा, तुम्ही तिथं काय करताय? आई म्हणाली तुम्ही डोळे तपासायला गेलाय.' आता हे कुणाचे मामा?"

"माझी एकही भाची नाही," अनंतराव म्हणाले.

ऋषिराजनं लिहिणाऱ्याचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग त्यानं हात पुढं करून फोन बंद केला. सांगलीची भाषा त्याच्या तोंडातून एकदम गेली आणि आटपाडीची आली.

"आवं, तुमी औंधचं नाथाजीमामा व्हय?"

मामा ताठ उभे होते. "आमी डोळे तपासायला आलतो," ते म्हणाले.

"मला तर खोली बघायची म्हणाला होतात," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"दोन्ही कामं हुती."

ऋषिराजनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि एका शब्दानं काही विचारलं नाही. मामांनीही विचारलं नाही. कितीतरी वेळ दोघं टेबलाशी बसून लीना जोडत होते. ऋषिराज तुकडा दाखवायचा, मामा तो हातानं चाचपून द्यायचे. संध्याकाळी त्यानं मामांना गाडीवरून स्टँडवर सोडलं आणि वाकून नमस्कार केला. विट्यापर्यंतच्या वाटेत मामांनी प्रियदर्शनीला पुन्हा पुन्हा फोन लावला. तिनं घेतला नाही.

तिसरं स्थळही आपल्याच हातून मोडलं, आणि या खेपेला मुलात काही खोट नसताना, हे मामांना गाडीच्या खिडकीशी बसून नीट उमगलं. बाहेर उसाचे फड काळोखत चालले होते. मामांना वाटलं, फाटकावर उभं राहून माणसं आत येऊ द्यायची असतात, हे आपण कधी शिकलोच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आटपाडीहून फोन आला. ऋषिराजची आई, मनुबाई. राहीबाईनं फोन सरळ भावाच्या हातात दिला आणि स्वतः दाराआड उभी राहिली.

"आवं मामा," मनुबाई म्हणाल्या, "तुमी आमच्या पोराच्या कॉटखाली वाकून बघितलं म्हणं."

"व्हय," मामा म्हणाले. "चुकलं माझं."

"चुकलं कसं? आमचा जीव भांड्यात पडला की. एवढी शिकल्याली पोरगी, आन पत्रिका जुळून एवढं दीस झालं तरी तिच्या घरचं कुनी चौकशीला फिरकंना. आमाला लय घोर लागला हुता. म्हणलं, पोरगीतच कायतरी असंल, म्हणून ही मानसं गप हायती. काल पोरानं सांगितलं, तवा कुटं मी भाकरी खाल्ली. आता साखरपुड्याची तारीख धरा."

मामांनी विचारलं, "तुमच्याकडनं कोन आलतं आमच्या चौकशीला?"

"कुनी न्हाई."

"कुनीच न्हाई?"

"पोरगं नको म्हणलं. म्हणलं, मी बोलतोय न्हवं तिच्यासंगं."

मामांनी फोन ठेवला. आनंद झालाच होता, पण मनुबाईंच्या त्या उत्तरावर त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही. कुणीच नाही, असं होईल कसं? आलं नसेल तर आता येईल. संध्याकाळी प्रियदर्शनीनं फोन केला आणि साखरपुडा होईपर्यंत मामांनी औंधची वेस ओलांडायची नाही, एवढंच बजावलं. मामांना ते पटलं. येणारा माणूस इथंच येणार होता.

आणि आठवडाभरात तो आला. फेटेवाला, हातात काठी, अनोळखी. दारासमोर राहीबाईचा पोसलेला बोकड बांधला होता, त्याच्याकडं बघत तो म्हणाला, "बोकड कसा काय हाय?"

मामा मनात हसले. मुलासाठी खोली बघायला आलोय म्हणून आपण गेलो होतो, हा बोकड बघायला आलाय. त्यांनी पाहुण्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला, चहाबरोबर चिवडा दिला आणि प्रियदर्शनीचं सगळं सांगितलं. शाळेतले नंबर, स्वयंपाक, स्वभाव, आईची काळजी कशी घेते, बापामागं पोर कशी शहाणी झाली. नुसते गुण सांगितले तर माणूस विश्वास ठेवत नाही, हे त्यांना आता ठाऊक होतं, म्हणून त्यांनी खोटही सांगितली. रागीट आहे जराशी. आणि सुट्टीच्या दिवशी हाक मारल्याशिवाय उठत नाही.

पाहुण्यानं दोनतीनदा मध्ये तोंड घातलं. "आवं पर बोकडाचं?"

"बोकड हाय की चांगला," मामा म्हणायचे आणि पुन्हा भाचीवर यायचे.

शेवटी पाहुणा उठला, राम राम केला आणि बोकडाकडं नजरही न टाकता निघून गेला. मामा समाधानानं त्याच्या पाठीकडं बघत होते, तेवढ्यात राहीबाई रानातून आली.

"दादा, म्हसवडचा व्यापारी आलता का? बोकड बघायला आज येतो म्हणलावता."

मामांनी चिवड्याची ताटली उचलून आत नेली.

खाली स्टँडवर तो व्यापारी गाडीची वाट बघत होता. तिथं थांबलेल्या त्याच्या सोबत्यानं त्याला विचारलं, सौदा का केला नाही.

"न्हाई गड्या," व्यापारी म्हणाला. "बोकडाचं इचारलं की त्यो म्हातारा बोलनं भाचीवर न्यायचा. त्या बोकडात कायतरी खोट हाय."